काही तक्रार नाही

माझ्या मामाला अख्खी गल्ली 'जनरेटर' म्हणते. सैन्यातली त्याची सगळी नोकरी जनरेटर चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली, म्हणून. मामी म्हणते, त्यासाठी नाही. हे झोपले की भिंतीपलीकडच्यांनाही कळतं, म्हणून.

छातीतली ती घरघर निवृत्तीच्या आधीपासूनची. डॉक्टरांनी फुप्फुसांचा जुनाट आजार सांगितला. बरा होणार नाही, पण सांभाळता येईल असा. मामाने जन्मात कधी विडी ओढली नाही, पण धूर मात्र पोटभर घेतला. डोंगरावरच्या चौकीत थंडी इतकी, की जनरेटरच्या खोलीचं दार उघडं ठेवणं शक्यच नव्हतं. त्या बंद खोलीत मशीनशेजारी स्टूल टाकून तो बसायचा.

म्हणून त्याने अपंगत्व पेन्शनसाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. आजार किरकोळ आहे, असं कारण आलं.

"जिना चढताना या माणसाचा जीव कंठाशी येतो, आणि म्हणे किरकोळ," मामी म्हणाली. "अहो, तुम्ही त्या तपासणीला जाऊन केलंत तरी काय?"

"काय करणार? गेलो, मशीनमध्ये फुंकलं, आलो. जाण्याआधी श्वासाचा पंप तेवढा मारला होता."

"डॉक्टरांनी मारू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"मग फुंकताना नापास झालो असतो."

"अहो, तिथे नापासच व्हायचं होतं."

मामीने पुढचा प्रश्न विचारला. "आणि काय त्रास होतो म्हणून विचारलं, तेव्हा?"

"म्हटलं, काही तक्रार नाही, साहेब."

हे वाक्य मामाच्या हाडात मुरलेलं आहे. रांगेसमोर साहेब येऊन 'कुणाची काही तक्रार?' असं विचारायचे, तेव्हा त्याला एकच उत्तर असायचं. ताप असो, पायाला फोड असोत, उत्तर तेच.

आम्ही अपील केलं. या वेळी फुंकण्याची तपासणी पंप न मारता, नीट झाली. राहिली सुनावणी. तिची तालीम स्वयंपाकघरात सुरू झाली. मामी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून स्टुलावर बसायची.

"बोला, काय त्रास होतो?"

"तसा काही नाही."

"मग घरी जा."

"घरीच आहे."

मी हसले, की मामी मलाच ओरडायची. "तू दात काढू नकोस. या माणसाला खोटं बोलायला सांगत नाहीये मी. खरं बोला म्हणतेय, तर तेही जमेना."

एकदा मात्र मामा चिडला. "तिथे जाऊन रडगाणं गाऊ? माझ्याबरोबरचे काही जण परतसुद्धा आले नाहीत."

मामी हातातला चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "ते आले असते, तर त्यांच्या बायकांनीही त्यांना हेच सांगितलं असतं."

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. खोलीत एक डॉक्टर होत्या आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त अधिकारी. अधिकाऱ्यांनी कागद वाचले, वर पाहिलं आणि सहज विचारलं, "हं, काय तक्रार आहे?"

मामाची पाठ आपोआप ताठ झाली. "काही नाही, साहेब."

मी खाली फरशीकडे बघत बसले. एवढे महिने पाण्यात गेले, असंच वाटलं. पण मामी उठून उभी राहिली.

"साहेब, यांना यांचं विचारू नका. मशीनचं विचारा. घरातला मिक्सर बंद पडला तरी हे आधी हेच विचारतात, काय तक्रार आहे याची? छाती मशीन आहे असं समजून विचारा."

अधिकारी खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बरं. मशीनची काय तक्रार आहे?"

मामाने स्वतःच्या छातीकडे पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. दुरुस्तीला आलेली वस्तू बघताना तो असाच होतो.

"हवा आत जाते, साहेब, पण बाहेर पडताना अडकते. लोड आला की दम सोडतं. जिन्यात अर्ध्यावर बंद पडतं, थांबवलं की पुन्हा चालू होतं. सकाळी स्टार्ट घ्यायला फार वेळ लागतो. थंडीत तर धक्का मारावा लागतो."

डॉक्टर भराभर लिहीत होत्या. "कशामुळे झालं असेल?"

"एक्झॉस्टचा पाइप जोडावर फुटलेला असायचा. नवा पार्ट यायला बर्फ वितळावा लागे. तोवर आम्ही तारेने आवळून काम भागवायचो. धूर खोलीतच राहायचा. मशीन बंद करून चालत नव्हतं, दवाखान्याचे दिवे त्यावर होते."

"तेव्हा तक्रार केली होती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पाइपची? दर हिवाळ्यात. तक्रार लपवली तर मशीन हातचं जातं, साहेब."

"आणि स्वतःची?"

"ती तुम्ही लोकांनी विचारली होती. मीच सांगितली नाही."

अधिकारी म्हणाले, "मीही वर्षानुवर्षं रांगेपुढे उभा राहून विचारलं. मलाही कुणी सांगितली नाही."

काही आठवड्यांनी निकाल आला. आजार किरकोळ नाही आणि तो नोकरीमुळेच झाला, हे मान्य होऊन पेन्शन मंजूर झाली होती. मामीने तो निकाल मोठ्याने वाचला, मग शेजारणीला बोलावून पुन्हा वाचला.

मामा मजेत आहे. फक्त त्याला आता सांगायची चटक लागली आहे. उशी कडक आहे, चहा पाणचट झालाय, पंखा कुरकुरतोय. परवा मामी मला फोनवर म्हणाली, "बाई गं, याच्यावर अपील कुठे करायचं असतं?" मागून मामाचा आवाज आला, दमलेला पण खुशीतला, "तिला सांग, जिन्यात एक खुर्ची ठेवायला हवी. मला मधे बसावं लागतं."