फुलपात्रभर लाड

शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून गल्ली तिला मास्तरीण म्हणायची. चाळीस वर्षं मशीन चालवलेली बाई, पण कधी एक बाही वाकडी गेली नाही. सून तीन महिन्यांच्या कामासाठी परगावी निघाली तेव्हा खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, याला विसरलात तरी चालेल."

गुबगुबीत पानांचं ते रोप सुनेच्या आईच्या हातचं. ती वारली, घर विकलं, मागे उरलं ते एवढंच. आणि ते विसरायचं? मास्तरणीला झोंबलंच. सकाळ-संध्याकाळ फुलपात्रभर पाणी तिने त्याला न चुकता पाजलं.

तिसऱ्या आठवड्यात पानं पाणचट होऊन हात लागताच गळायला लागली. बुंधा काळा पडला.

"लाडानं मारलंस गं," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो!" म्हणाली खरी, पण गळलेली पानं गुपचूप वेचून टाकली. फोनवर सून विचारी, "रोप कसंय?" ही म्हणे, "मजेत." असं खोटं तिने गिऱ्हाइकालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी कुंडी कडेवर घेऊन ती रोपवाटिकेत गेली. तिथला म्हातारा माळी बघून हसला. "पोहायला शिकवत होतात का याला? काळं दिसेल तोवर कापा. मग शेंडा आणि धड पानं पाच दिवस कोरडी ठेवा, नंतर कोरड्या वाळूत टेकवा, पानातूनही नवं रोप फुटतं. मुळं दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नको."

कापायचं म्हटल्यावर मास्तरीण सावरली. ब्लेड उकळत्या पाण्यातून काढलं आणि बुंधा छेदला. आत काळा ठिपका. आणखी वर कापलं, तरी ठिपका. तिसऱ्यांदा कापलं तेव्हा हिरवागार, स्वच्छ काप निघाला. हाती उरला फक्त बोटभर शेंडा आणि नऊ धड पानं.

कापणं सोपं होतं, पाणी न घालणं जिवावर आलं. हात आपसूक फुलपात्राकडे जाई. मग ती मशीनवर बसून दुसऱ्याच कुणाच्या तरी परकराला टीप मारी. अठराव्या दिवशी एका पानाच्या बुडाशी गुलाबी मूळ दिसलं, दोऱ्याएवढं. मास्तरीण ओरडली, "अहो, फुटलं!" नवरा दाढीचा फेस तसाच घेऊन धावला.

सून आली ती थेट खिडकीशी.

"आधीच सांगते," मास्तरीण म्हणाली, "मी मारलं होतं त्याला. फोनवर थापा मारल्या."

सून वाकून बघत राहिली. शेंडा ताठ उभा होता आणि भोवती नखाएवढे हिरवे गुच्छ.

"सात पिल्लं, आई?"

"आठ. एक मागे लपलंय."

"माझ्या आईनं कितीदा पानं लावली, एक जगलं नाही. रोज पाणी शिंपडायची बिचारी." सुनेनं एका पिल्लाला हलकेच बोट लावलं. "मला शिकवाल?"

मास्तरणीची छाती दोन इंच फुगली. त्यानंतर ब्लाउज टाकायला येणाऱ्या बाईचं माप नंतर घेतलं जाई, आधी मास्तरीण तिला खिडकीशी उभं करून आठही पिल्लं मोजायला लावी.