फिलोमिना आंटींची एक ओळ

आमच्या नवघरच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर कुणी बाई दिसते अशी आवई उठली, तेव्हा बाकीच्या बायकांनी वर वाळवणं घालणं बंद केलं. त्या उन्हाळ्यात अख्खी गच्ची मी एकटीनं वापरली, आणि पापड छान झाले. हे एवढ्यासाठीच सांगतेय, की पुढचं वाचून कुणी मला भोळी समजू नये…

गोष्ट नव्वद-एक्क्याण्णवची. गिरगाव सोडून आम्ही नुकतेच भाईंदरला, या नवघरात आलो होतो. मिस्टर ऑफिसला गेले की मी बाहेरच्या खोलीत कॅसेट भरून द्यायची. लोक जुन्या रेकॉर्ड आणायचे, मी त्यांच्या कॅसेट करायची. रेकॉर्ड एकदाच लावायची आणि दोन डेकवर एकदम दोन कॅसेट भरायच्या, ही माझी पद्धत. एक गिऱ्हाइकाची, एक माझ्याकडे – कारण लोक टेपचा गुंता करून हमखास परत येत. आणि पूर्ण वेळ कानाला हेडफोन.

एका दुपारी भाईंदरच्याच किनाऱ्याकडच्या पाली गावाहून आल्फ्रेड अंकल आले. टॉवेलात गुंडाळलेली एक एलपी घेऊन. कव्हरवर लांब हातमोजे घातलेली कुणी अमेरिकन गायिका.

"माजी बायको हॉटेलात गायची, बँडबरोबर," ते म्हणाले. "हीच गानी. पन तिची सोताची रेकॉर्ड कवा निघालीच न्हाय."

फिलोमिना आंटींच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज कायमचा गेला होता. तेव्हापासून त्यांनी घरात गाणं लावू दिलं नव्हतं. आता तर जेवणही सुटत चाललं होतं.

"काल तिनं पेटीतून ही काढली नि माज्या मांडीवर ठेवली. एवढ्या दिसांत पयल्यांदा काय तरी मागितला, बाय. पन आमचा प्लेयर बिगडलाय."

इंग्लिश गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. अंकलनीच समजावलं – ही जुनी, ठरलेली गाणी, त्यांना स्टँडर्ड्स म्हणतात. प्रत्येक गायिका तीच गाणी आपापल्या ढंगानं गाते. म्हणजे आपल्याकडे एकच बंदिश दहा जणी गातात, तसं. मग मी जरा कान देऊन ऐकलं. ती बाई अगदी शेजारी बसून बोलल्यासारखी गात होती. मला आवडली.

शेवटच्या गाण्यात मात्र ओरखडा होता. सुई उडी मारायची आणि एक अख्खी ओळ गायब. रेकॉर्ड पुसली, सुईच्या दांडीवर नाणं ठेवून पाहिलं… काही उपयोग नाही. अंकलना स्पष्ट सांगितलं.

"चालंल," ते म्हणाले. "ती लाइन तिला पाठ हाय."

दोन्ही कॅसेट भरल्या. उडी मी माझ्या कानांनी ऐकली, हे पुन्हा सांगते.

त्यांच्या मुलानं गल्फहून पाठवलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेप, त्यांना लावता येत नव्हता, म्हणून रविवारी मीच पालीला गेले. आंटी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, गळ्याला स्कार्फ. डोळे मिटून त्यांनी सगळी गाणी ऐकली. शेवटचं गाणं आलं तशी मी अवघडले, आता उडी येणार म्हणून.

उडी आली नाही. ओळ आली.

पण आवाज दुसरा होता. जाड, थोडा घोगरा, तालाच्या किंचित मागे… शब्द पुढे जाऊ देऊन मग सावकाश येणारा. ओळ संपली आणि परत ती अमेरिकन बाई गाऊ लागली.

अंकल उभेच राहिले. "अशीच मागं रेंगालायची ती," ते हळूच म्हणाले. "ड्रमवाला चिडायचा."

आंटींना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी फक्त छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली – हो, मीच. मी रिवाइंड केलं. पुन्हा तेच. थोड्या वेळानं आंटींनी खुणेनं पेज मागितली आणि वाटीभर संपवली. अंकल भिंतीकडे तोंड करून रडले.

घरी येऊन माझी कॅसेट लावली. उडी जिथल्या तिथे.

मिस्टर म्हणाले, व्होल्टेजची गडबड असेल, नाहीतर एखादं रेडिओ स्टेशन घुसलं असेल. व्होल्टेजनं सूर उतरतो, हे मी रोज बघायची. पण त्याच सुरात, नेमकी तीच ओळ, आणि एकाच कॅसेटवर?

त्यानंतर आंटी जेवू लागल्या. रोज संध्याकाळी कॅसेट लावायच्या. पुढच्या नाताळनंतर त्या गेल्या. शवपेटी बंद करायच्या आधी अंकलनी ती कॅसेट माझ्यापुढे धरली. "तुला पायजे तर ठेव."

माझ्याकडे तेवढा एकच पुरावा झाला असता. हात पुढे जात होता, खोटं कशाला बोलू. पण आंटींचा तेवढाच आवाज जगात शिल्लक होता, आणि तो त्यांचा होता. मी नको म्हटलं. अंकलनी ती आंटींच्या हाताशी ठेवली.

मेलेल्या माणसाचा आवाज ऐकल्याचे अनुभव मी या सदरात वाचलेत. आंटी तर माझ्यासमोर जिवंत बसल्या होत्या, आवाज तेवढा आधी गेला होता. याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही.

माझी कॅसेट आहे. अधूनमधून लावते. उडीची जागा आली की आपोआप श्वास रोखला जातो… अजून तरी तिथे काही आलेलं नाही.