बेसिनमध्ये ओतलेला रस

"हा कुणी केलाय?"

सेक्रेटरी साहेबांनी स्टीलच्या कॅनचं झाकण उघडून आत पाहिलं आणि विचारलं.

"म्या केलाय, सायेब," आई म्हणाली. हसतच म्हणाली. तिला वाटलं, चांगला झालाय म्हणून विचारतायत.

"तू आमच्या बिल्डिंगला असतेस ना? रावेतला? जिने, संडास?"

"व्हय, सायेब. बी विंग."

"आणि त्याच हातांनी हे?"

आईचं हसू तसंच राहिलं. उतरवायला वेळच मिळाला नाही तिला.

"ओतून टाक."

आई हलली नाही. मग त्यांनी स्वतःच कॅन उचलला आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उपडा केला. काळसर लाल रस गरगर फिरत खाली गेला. साहेबांनी नळ सोडला. नंतर खिशातली सॅनिटायझरची बाटली काढून हात चोळले. आमच्यासमोर. सावकाश.

"हायजिन नावाची काही गोष्ट असते," ते म्हणाले. "कुणीतरी बाटलीतला ज्यूस आणा."

आकुर्डीच्या आमच्या चर्चची ती व्हेस्ट्री. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, झगा घालतात ती खोली. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा दिवस. करोनापासून आमच्याकडे सगळे एका प्याल्यातून पीत नाहीत, प्रत्येकाला इवलासा वेगळा कप असतो. त्या कपांचा ट्रे माझ्या हातात होता. पाळक तिथेच होते, झग्याची बटणं लावत होते. एक बटण त्यांना फारच वेळ सापडेना.

आणि मी? मी तेहतीस वर्षांची बाई. महाळुंग्याच्या कंपनीत आठ वर्षं काम केलेली, सुपरवायझरला तोंडावर सुनावणारी. मी ट्रे धरून उभी राहिले. तो ट्रे भिंतीवर आपटायला हवा होता. नाही आपटला. उलट अर्ध्या तासाने बाकावर बसून त्याच ट्रेमधला एक कप उचलला आणि दुकानातला तो गोडमिट्ट ज्यूस प्याले. हे मी आधीच सांगून टाकते. मला कुणी शूर समजू नये.

तो रस काय होता ते सांगते. आमच्या मंडळीत द्राक्षरस विकत आणायची पद्धत नव्हती. बायका घरी करायच्या. गेली एकोणीस वर्षं तो आई करत होती. शुक्रवारी काळे मनुके निवडायचे, देठ काढायचे, धुऊन भिजवायचे. शनिवारी सकाळी उकळायचे, हाताने कुस्करायचे, पांढऱ्या मलमलच्या फडक्यातून गाळायचे. ते फडकं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. पातेलं वेगळं, कॅन वेगळा. आई त्या दिवशी आधी डोक्यावरून अंघोळ करायची. कुस्करताना पूर्ण वेळ ओठ हलत असायचे तिचे. एकोणीस वर्षं सगळी मंडळी तो रस प्याली. सेक्रेटरी साहेबही प्याले. रावेतला राहायला आले, चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी झाले, तेव्हापासून दोन वर्षं प्याले. काही झालं नाही त्यांना. त्या रविवारी फक्त हात कुणाचे ते कळलं.

चर्चमध्ये आम्हाला कुणी जात विचारत नाही. गरजच पडत नाही. आडनावावरून भागतं, नाहीतर झाडूवरून. साहेबांचे पणजोबा ख्रिस्ती झाले ते घरातल्या पोथ्या सोडून. आमचे झाले ते नगरकडच्या एका गावाच्या कुसाबाहेरून. बाप्तिस्म्याचं पाणी दोघांच्या डोक्यावर एकच पडलं, असं मला संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. मी ते खरं मानलं होतं. मूर्ख होते.

मंगळवारी पाळक घरी आले. आमची एकच खोली. ते खुर्चीत बसले, आम्ही दोघी खाली. चहा घेतला त्यांनी, तो मात्र आमच्याच भांड्यातला चालला.

"झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण मन कठीण करू नका. देवाला कोमल मन आवडतं. शिकणारं मन. यातून देव आपल्याला काय शिकवतोय ते पाहायचं."

"आमचंच काय चुकलं आसंल," आई म्हणाली.

पाळकांनी मान डोलावली. डोलावली! शिकणारं मन शोधायला ही माणसं नेहमी आमच्याच खोलीत येतात. रावेतच्या सातव्या मजल्यावर लिफ्टने जाऊन कुणी विचारत नाही, साहेब, तुमचं मन काय म्हणतंय, शिकतंय का काही? कोमल राहायचं कंत्राट फक्त आम्हाला. कुणी लाथ मारली तर त्याच्या पायाला लागू नये इतकं कोमल.

बुधवारी आई रावेतला गेली. बी विंगचे जिने झाडले. सातव्या मजल्याचेही झाडले. मी चिडून म्हणाले, "तुला काहीच वाटत नाही का गं?"

"देवानं पाह्यलंय," ती म्हणाली.

"तुझा देव त्या बेसिनमधून वाहून गेला," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी रस ओतला तेव्हा ती रडली नव्हती. तेव्हा रडली.

मी चर्चला जाणं सोडलं. प्रार्थना सोडली. जेवणाआधी डोळे मिटायची लहानपणापासूनची सवय, तीसुद्धा मोडली. आणि मला त्याचा अभिमान होता. आता मला कुणी काही करू शकत नाही, असं वाटायचं. कंपनीत मी रबराचे सील तपासते. मशीनमधलं तेल गळू नये म्हणून बसवतात ते गोल सील. बोटाने दाबायचं, मीटर लावायचं, रबर किती कडक ते बघायचं. प्रमाणाबाहेर कडक झालं की माल रिजेक्ट, कारण कडक रबर तडकतं आणि मग काहीच धरून ठेवत नाही. दिवसाला असे शेकडो सील माझ्या बोटांखालून जात होते. मी कडक माल लाल खोक्यात टाकत होते आणि स्वतःच्या कडकपणावर खूश होते.

मग शबानाची गोष्ट झाली.

शबाना माझ्याच लाइनवर, पॅकिंगला. तिच्या नवऱ्याचं चाकणला गॅरेज आहे. कॅन्टीनमध्ये आम्ही सहा-सातजणी एका टेबलावर जेवतो. त्या दिवशी तिने शेवयांची खीर आणली होती. मुलीचा वाढदिवस होता. सगळ्यांना वाढत माझ्यापर्यंत आली. मी ताटावर हात आडवा धरला.

"नको गं बाई. कुणाच्या घरी कसली भांडी असतात काय माहीत."

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने. गमतीने म्हणाले असं म्हणायलाही जागा नाही, कारण मी गंमत करत नव्हते. टेबलावर एकदोघी हसल्या.

शबानाने डबा मागे घेतला आणि झाकण लावलं. झाकण नीट बसलेलं असतानाही पुन्हा एकदा दाबलं.

व्हेस्ट्रीत आईनेही हेच केलं होतं. रिकामा कॅन साहेबांनी ओट्यावर आदळला, तेव्हा तिने तो उचलून झाकण लावलं होतं. आत काही नव्हतं, तरी दाबून लावलं होतं.

मी ताट तसंच टाकून बाथरूममध्ये गेले. आरशात माझं तोंड दिसत होतं. साहेबांसारखं. आठ महिन्यांत मी देवाशी एक शब्द बोलले नव्हते. तिथे, फिनाइलच्या वासात, एकच शब्द निघाला. चुकलं.

आणि मला कळलं की देव बेसिनमधून कुठेही गेला नव्हता. तो माझ्या मागेच लागला होता. साहेबांना धरायचं सोडून मला धरतोय याचा मला रागही आला. पण धरलं होतं खरं, आणि दुखत होतं. दुखत होतं म्हणजे आतलं रबर अजून तडकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर, सगळ्या बसलेल्या असताना मी उभी राहिले. अपमान चारचौघींत केला होता, माफी बाथरूमच्या कोपऱ्यात मागून चालणार नव्हती.

"शबाना, काल मी बोलले ते घाण बोलले. माझं चुकलं. माझ्या आईला हेच ऐकून घ्यावं लागलंय, तरी मी बोलले."

ती भाकरी मोडत होती. वर बघितलं नाही. मोडता मोडताच म्हणाली, "खीर आज नाही आणली. पुन्हा केली की आणीन."

माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. का म्हणावं तिने? पंधरा दिवसांनी खीर आणली. मी दोनदा मागून घेतली.

त्यानंतरच मला पाळकांचं ते कोमल मन नीट समजलं. कोमल मन म्हणजे वाकलेली मान नव्हे. देव बोट ठेवेल तिथे दुखायला हवं, आणि दुखलं की आपण उठायला हवं. एवढंच. दहावी झालेली एक बाई हे कॅन्टीनमध्ये करू शकते, तर मॅनेजर होऊन रिटायर झालेल्या सेक्रेटरी साहेबांना ते का जमू नये? आणि त्यांना ते करायला न सांगणारा पाळक मला कसलं मन शिकवतो?

पुढच्या पहिल्या रविवारी मी आईबरोबर चर्चला गेले.

प्रभुभोजनाआधी आमच्याकडे एक रीत आहे. पाळक विचारतात, "कुणाच्या मनात भावाविषयी किंवा बहिणीविषयी काही असेल, तर आधी समेट करा, मग मेजाजवळ या." आणि थांबतात. तीन सेकंद. चार. त्या वेळात लोक खोकतात, पदर सारखे करतात, मोबाइल बंद करतात. आजवर कुणी उठलेलं मी पाहिलेलं नाही. ते थांबणं उठण्यासाठी आहे हेच सगळे विसरलेत.

मी उठले.

"माझ्या मनात आहे."

पाळकांच्या हातातलं पुस्तक खाली आलं. "ताई, बसा. नंतर बोलू."

"आधी समेट करा असं तुम्हीच म्हणालात."

"बस गं," आई कुजबुजली आणि माझी ओढणी ओढली. मी बसले नाही. बेसिनची सगळी गोष्ट सांगितली. बी विंग, सॅनिटायझर, सगळं.

पहिल्या बाकावरून साहेब अर्धवट उठले. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर..."

"असतील नाही, साहेब. तुम्ही ओतलात. 'मी ओतला, चुकलो' एवढं म्हणा."

ते खाली बसले.

"मन कठीण करू नका, ताई," पाळक म्हणाले.

"माझं मन कोमल आहे म्हणून उभी आहे. कठीण होतं तेव्हा मी घरी बसले होते."

पाळकांनी पुढची प्रार्थना सुरू केली. मोठ्याने. कपांचा ट्रे आमच्या बाकाशी आला. मी घेतला नाही. आईने एक कप उचलला. चाळीस वर्षांत तिने एकही प्रभुभोजन चुकवलेलं नाही, तापातसुद्धा. तिने कपात पाहिलं. मग तो ट्रेमध्ये परत ठेवला, अगदी त्याच्या खाचेत.

आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना ती म्हणाली, "म्होरल्या म्हयन्याला मनुकं आन. चांगलं बगून आन, मागल्या येळंला खडं व्हतं."

त्यानंतरच्या महिन्यात पाळकांनी तो प्रश्नच गाळला. इतक्या वर्षांची रीत, एका बाईच्या भीतीने गाळली. मी तरीही उठले. गेल्या महिन्यातही उठले. कमिटीने पत्र पाठवलंय की आमची नावं मंडळीच्या यादीतून काढण्याचा विचार होईल. करा विचार. यादी तुमची आहे, प्रभूचं मेज तुमचं नाही.

सकाळी फर्स्ट शिफ्टची बस यायच्या आधी मी रोज प्रार्थना करते. माझं काही चुकलं तर मला दुखू दे, म्हणते. तेवढं मागते. त्याच्यासमोर मी वाकते, आणि फक्त त्याच्यासमोर.

आज शनिवार. आईने रस गाळलाय. मागचे दोन महिने तो घरातच राहिला, आईचा पाय व्हेस्ट्रीकडे वळला नाही. उद्या पहिला रविवार. कॅन व्हेस्ट्रीत मी नेणार आहे, आईच्या हातात देणार नाही. साहेबांना तो पुन्हा ओतायचा असेल, तर या वेळी माझ्या हातातून घ्यावा लागेल. आणि मी सोडणार नाही.