फाटकाबाहेरचा खोकला

बायनाबाई कुमरेने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. मुलीला, मंगलीला, शाळेत घालताना घेतलं नाही. वाघाने मारलेल्या नवऱ्यापाशी बसली होती आणि जंगलखात्याचा गार्ड ‘मृताचं नाव सांगा’ म्हणत होता, तेव्हाही घेतलं नाही. गार्ड विचारत राहिला आणि ती प्रत्येक वेळी ‘मंगलीचे बाबा’ एवढंच म्हणत राहिली. शेवटी मीच चिडून ओरडले, ‘वारलू कुमरे लिहा हो! आणि बाईला आधी पाणी द्या.’

मी सरिता. आरमोरीहून जंगलाच्या अंगाला आत गेलं की आमचा कोसमटोला लागतो. तिथल्या उपकेंद्रात मी नर्स होते, निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले. बायनाबाईचं आणि माझं अंगण लागून आहे. आम्ही बौद्ध. छप्पन्न सालापासून आमच्या घरात देव नाही आणि भूतही नाही. पुढे जे सांगणार आहे त्याच्या आधी हे सांगून ठेवलेलं बरं.

बायनाबाई गोंडाची. तरुणपणी एका तापातून ती मरता मरता वाचली. चर्चच्या बायका उशाशी बसून प्रार्थना करत होत्या, आणि मी सलाईन लावत होते. श्रेय येशूला गेलं. माझी तक्रार नाही. बरी झाल्यावर तिने बाप्तिस्मा घेतला आणि चर्चच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. वारलू मात्र आपल्या पेनांना, म्हणजे वाडवडिलांच्या देवांना, धरून राहिला. ‘मी काई डोक्यावर पानी घेत नाई,’ म्हणायचा. पण दर रविवारी बायकोला चर्चपर्यंत सोडायला यायचा आणि बाहेर चिंचेखाली बसायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, ‘तुमी गाना म्हना. मी चपला राखतो.’ उपासना लांबली की बाहेरून खोकायचा. आत पास्टर इसरू मडावी उपदेश आवरता घ्यायचे आणि मंडळी हसायची.

घरीही त्याचं तेच. तीही त्याला नावाने हाक मारायची नाही, तोही तिला मारायचा नाही. जंगलातून परतला की बांबूच्या फाटकाशी उभा राहून खोकायचा. ती आतून म्हणायची, ‘या जी.’ मग तो आत यायचा. फाटकाला कुलूप नसायचं, तरी त्या दोन शब्दांशिवाय त्याने कधी पाऊल आत टाकलेलं मी पाहिलं नाही. दोघांचा एवढाच संसारी लाड, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

मोहफुलांच्या दिवसांत तो गेला. पहाटे फुलं वेचायला वाकला होता, वाघ मागून आला. आमच्या भागात हे आता नवीन राहिलेलं नाही, दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी दारी अशी खाट येते. पण वारलूचं पुढे जे झालं ते मला अजून पचलेलं नाही. चर्चच्या कब्रस्तानात त्याला जागा मिळाली नाही, कारण बाप्तिस्मा नव्हता. पास्टरांना तेव्हा येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, मंडळीच्या वडीलधाऱ्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही. मग त्याच्या टोल्यातल्या, म्हणजे गोंडांच्या वस्तीतल्या, म्हाताऱ्यांकडे गेलो. मेलेल्याचा जीव पाण्यावरून घरी आणतात, त्याचा दगड पूर्वजांच्या दगडांत उभा करतात, ही त्यांची रीत. पण वाघाने मारलेल्याचं ते करत नाहीत. ते म्हणाले, ‘तो आता वाघासंग फिरन. त्याले आत घेतला का वाघ बी आत येते.’ म्हणून जंगलाच्या कडेला, गावाच्याही बाहेर, त्याला पुरलं आणि वर दगड रचले. ना इकडचा ना तिकडचा. माणूस मेल्यावरसुद्धा बाहेर चपला राखत बसला.

त्यानंतर महिन्याभराने बायनाबाई मला म्हणाली, ‘सिस्टर, ते येतेत.’

‘कोण?’

‘फाटकाशी. दिवेलागणीले. खोकतेत.’

मी तिचा रक्तदाब तपासला. झोपेची गोळी दिली. तिने ती कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली, मी नंतर पाहिली. दिवस मावळला की ती फाटकाची कडी काढून ठेवायची, आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. ‘अगं बाई, बिबट्याही खोकतो. गार्ड सांगून सांगून थकला, संध्याकाळी फाटक लावा म्हणून!’ ती म्हणायची, ‘बिबट्या असन तर असन. ते असले तं?’ आणि खरं सांगायचं तर, मलाही ऐकू यायचं. कोरडा, एकदाच. मी शेळी म्हणायचे, वानर म्हणायचे. रेडिओ मोठा करायचे.

‘मग या जी म्हणत का नाहीस?’ एकदा मी वैतागून विचारलं.

‘म्हनते ना. रोज म्हनते. येत नाईत. त्याईले वाटते दुसऱ्या कोनाले म्हनते. या जी तं मी पास्टरलेबी म्हनते, तुमच्या मालकालेबी म्हनत होती.’

अशी चार वर्षं गेली. मग यंदा मोहाच्याच दिवसांत तिच्या बहिणीचा मुलगा आला, विक्की गेडाम. हैदराबादला एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला आहे. पांढरा शर्ट, तेल लावून भांग, बोलायला फार गोड. बायनाबाईने चहा टाकला तर म्हणाला, ‘मावशी, मी चहा सोडला. आमच्या मंडळीत चहा-कॉफी चालत नाही.’

‘दारूचं समजलं,’ बायनाबाई म्हणाली. ‘चहानं कोनता देव रागावते?’

तर तो मॉर्मन झाला होता, बायबलच्या जोडीला आणखी एक ग्रंथ मानणाऱ्या अमेरिकेतल्या पंथाचा. गावात ही बातमी चुलीवरच्या दुधासारखी उतू गेली, आणि संध्याकाळी पास्टर इसरू आपली प्लास्टिकची खुर्ची स्वतः उचलून बायनाबाईच्या अंगणात हजर झाले. मी लाखोळीची डाळ निवडायला घेऊन बसले. अशा वादात मला फार मजा येते. आम्ही एकदाच धर्म सोडला आणि मोकळे झालो.

‘मले एक सांग,’ पास्टरांनी सुरुवात केली. ‘बाप, पुत्र, पवित्र आत्मा. एक देव का तीन?’

‘तिघं वेगवेगळे, काका. पण मन एक, काम एक.’

‘आन बापाले शरीर आहे म्हनता तुमी? हाडामासाचं?’

‘हो.’

‘मंग तो आमचा देव नाई. तुमी येशूचं नाव घेता, पन तुमचा येशू दुसराच हाये.’

‘आमच्या मंडळीच्या नावातच येशू ख्रिस्त आहे, काका.’

‘दुकानावर पाटी कोनीबी लावते, बाबू. शास्त्र पुरं झालं. त्याच्यावर अजून एक ग्रंथ जोडला का ते ख्रिस्ती राहत नाई.’

‘जुन्या करारावर नवा जोडलाच ना तुम्ही? तेव्हा यहुदी लोक हेच म्हणाले असतील.’

मी मान खाली घालून हसले. पास्टरांचे कान लाल झाले. माणूस वाईट नाही, रात्री-बेरात्री कोणाच्याही दारी धावून जातो. पण आपल्या कळपातलं मेंढरू दुसऱ्याने हाकललं की कोणाला राग येणार नाही? ते म्हणाले, माणसाचं तारण कृपेने होतं, विधींची शिडी चढून नाही. विक्की म्हणाला, कृपा आम्हीही मानतो, पण बाप्तिस्म्याशिवाय दार उघडत नाही हे तर तुम्हीच करून दाखवलं.

‘मी? कवा?’

‘वारलू मावसाजींच्या वेळी.’

बायनाबाई चुलीपाशी होती, ती पदराला हात पुसत बाहेर आली.

विक्कीने आवाज खाली आणला. आमच्याकडे मेलेल्यांसाठीही बाप्तिस्मा असतो, म्हणाला. मंदिरात एक जिवंत माणूस मेलेल्याच्या नावाने पाण्यात उतरतो. पौलाच्या पत्रातही त्याचा उल्लेख आहे. फक्त दोन गोष्टी लागतात, मेलेल्याचं नाव आणि त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाची परवानगी. ‘ती तू आहेस, मावशी. तू हो म्हण आणि तुझ्या तोंडाने नाव सांग. मी परवा जाईन, पुढचं सगळं करीन.’

‘पौलानं ते करा म्हनून सांगितलं नाई!’ पास्टर उठून उभे राहिले. ‘मेल्यावर निवाडा होते. तिथी वशिला चालत नाई.’

बायनाबाईने दोघांकडे पाहिलं. तिला बाप, पुत्र आणि हाडामासाचं काही पडलं नव्हतं.

‘त्याईले इचारतेत का?’ तिने विक्कीला विचारलं. ‘त्याईनं जित्तेपनी पानी घेतलं नाई. आता जबरदस्ती तं नाई?’

‘नाही मावशी. इथं आपण बाप्तिस्मा करायचा. तिकडं ते हो म्हणू शकतात, नाही म्हणू शकतात.’

मग ती पास्टरांकडे वळली. ‘तुमी सांगा. ते आता कुठी हायेत?’

‘देवाच्या हाती, बाई.’

‘हाती असते तं खोकले नसते.’

पास्टरांनी मान फिरवली. जाता जाता ते जे बोलले ते त्यांच्याही जिवावर आलं होतं, हे मला दिसत होतं. ‘बाई, तुमी नाव देलं तं मले मंडळीपुढं जाब द्यावा लागन. प्रभुभोजनाले तुमाले बसवता येनार नाई. उद्या तुमच्या मातीचाबी प्रश्न येईन.’

‘म्हनजे मीबी बाहेर,’ बायनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपावर ती भेटली. डोळे सुजलेले. बादली भरून वाहत होती तरी दांडा हलवतच होती. मी तिचा हात धरला.

‘हो म्हनलं तं कोनी गोरा पोरगा त्याईच्या नावानं बुडन,’ ती म्हणाली. ‘त्याईले हसू येईन. मंग जातीन कुठीतरी, मले सोडून. नाई म्हनलं तं तिथी दगडाखाली वाघासंग रायतीन. सिस्टर, मी काय करू? तुमी शिकल्या-सवरलेल्या.’

मी शिकल्या-सवरलेलीने तिची बादली बाजूला घेतली. मला तिच्यापेक्षा जास्त काय कळत होतं? मेलेला माणूस कुठेच नसतो, हे माझं उत्तर मला पाठ होतं. ते तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी तिचा निकाल ऐकायला आम्ही पुन्हा जमलो. विक्की पायरीवर, लाकडी खांबाला टेकून बसला होता. वारलू तिथेच बसायचा. पास्टर खुर्चीत, मी खाटेवर. दोघांचा वाद पुन्हा जुंपला होता, अगदी हळू आवाजात, आजारी माणसाच्या खोलीत भांडावं तसा. खरा ख्रिस्ती कोण, कुणाचा बाप्तिस्मा धरायचा, कुणाचा नाही. बायनाबाई चुलीपाशी होती. उजेड उतरत चालला होता. जंगलाच्या बाजूने मोहाचा वास येत होता, गोड आणि थोडा कुजका.

आणि फाटकाबाहेर खोकला आला.

पास्टर वाक्याच्या मध्येच थांबले. विक्कीने माझ्याकडे पाहिलं. मी शेळी म्हणणार होते, पण शेळ्या केव्हाच बांधल्या होत्या.

बायनाबाई उठली. फाटकाकडे चालत गेली. मी ‘अगं, नको!’ म्हणेपर्यंत ती फाटकाशी पोचली होती. बाहेर बिबट्या असेल याची भीती होती, आणि नसेल याची त्याहून जास्त. आमच्याकडे वाघाने नेलेल्या माणसाचं नाव दिवेलागणीला कोणी घेत नाही. लहान मुलंसुद्धा घेत नाहीत.

तिने फाटक सताड उघडलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि नव्या नवरीला उखाण्यात नाव घ्यायला लावतात तेव्हा निघतो तशा बारीक, लाजऱ्या आवाजात म्हणाली,

‘वारलू.’

मग जरा मोठ्याने म्हणाली, ‘वारलू कुमरे. तुमालेच म्हनते. घरात या जी.’

काही झालं नाही. पान हललं नाही. ती बाजूला झाली, एक माणूस आत येईल एवढी वाट ठेवून उभी राहिली. मग तिने फाटक ओढलं आणि कडी लावली. चार वर्षांत पहिल्यांदा. कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

परत येताना तिचं तोंड ओलं होतं, पण ती रडत नव्हती. ‘विक्की,’ ती म्हणाली, ‘त्याईचं नाव आयकलं ना तू? आता घरातच हायेत. काय इचाराचं ते इचार. ते हो म्हनले तं घेऊन जाय नाव. पास्टर, तुमीबी इचारा.’

कोणी विचारलं नाही. विक्कीच्या हातात फोन होता, तो त्याने खिशात टाकला. पास्टरांचे ओठ हलत होते. प्रार्थना असेल.

तिने चहा आणला. एक कप पास्टरांना दिला, एक मला. तिसरा खांबाजवळ ठेवला, विक्कीच्या मांडीला लागून.

‘मावशी,’ तो कसाबसा म्हणाला, ‘मी चहा घेत नाही.’

‘तुले कोन देऊन राह्यलं, बेटा?’ बायनाबाई म्हणाली. ‘सरक थोडा.’

विक्की सरकला. पास्टरांनी खुर्ची मागे घेतली. आणि छप्पन्न सालापासून ज्या घरात देव नाही, भूत नाही, त्या घरातली मी, मीही पाय जवळ घेतले.