खंडेनवमीचं कुंकू

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. ज्यांच्यासोबत बातम्या लिहिण्यात उमेदीची वर्षं काढली, त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

माजलगावच्या एका साप्ताहिकात मी तेव्हा बातमीदार होतो. खिळ्यांची छपाई बंद होऊन संगणक येण्याचे ते दिवस. ऑफिसात संगणक एकच. तो चालवायचे भानुदासमामा. उभा जन्म त्यांनी शिशाचे खिळे जुळवले होते. पन्नाशी ओलांडल्यावर कीबोर्ड शिकले — दोन बोटांनी — आणि अख्खा अंक लावू लागले. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचा नियम सगळ्यांनाच होता. मामा पायही पुसत.

दर खंडेनवमीला ते यंत्रांची पूजा करत. आधी फक्त छपाईच्या जुन्या ट्रेडल मशीनची, मग संगणकाचीही. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मालकांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते चिडवायचे, "मामा, आता त्याला बांगड्या तेवढ्या भरा!"

"भरू की. तुमी आणा."

त्या वर्षी पानात रंगीत फोटो उघडायला फार वेळ लागायचा. नवं ग्राफिक्स कार्ड टाकू, असं आण्णांना मीच म्हणालो. औरंगाबादहून मीच आणलं. दुकानदारानं बजावलं होतं — याला जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय, म्हणजे संगणकाला आतून वीज पुरवणारा डबा लागेल, जुना पुरणार नाही. हे मी आण्णांना सांगितलं नाही. विसरलो का? नाही. एवढं काही लागत नसतं, असं मीच ठरवलं. ऑफिसात संगणकातलं कळणारा माणूस मी होतो ना.

कार्ड बसवलं. मोठा फोटो उघडला की पडदा काळा व्हायचा आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. अंक दुसऱ्या दिवशी निघायचा होता. आधी विजेच्या दाबाला दोष दिला, स्टॅबिलायझर बदलला. तेच. कार्ड काढून पुन्हा बसवलं. तेच. मग सीडी ड्राइव्हची आणि जादा हार्ड डिस्कची वायर काढली — फोटो उघडला. सगळ्या वायरी परत जोडून जुनं कार्ड लावलं — तेही नीट चाललं. म्हणजे सप्लाय कमी पडत होता. दुकानदार बोलला होता तसाच. त्या क्षणापासून मला माहीत होतं.

तेवढ्यात आण्णा दारात आले. "काय बे, नवं आणून बिघडवलं का काय?"

सप्लायच्या पंख्याच्या जाळीवर थोडं कुंकू दिसत होतं. पूजा होऊन आठ दिवस झाले होते. नवं कार्ड बसवेपर्यंत त्या आठ दिवसांत संगणक एकदाही बंद पडला नव्हता. आधी काय घडलं आणि नंतर काय, एवढं तरी बातमीदाराला कळतं. मी म्हणालो, "पंख्यात कुंकू गेलंय. त्यानं सप्लाय खराब झाला."

एवढंच. खोट्याला असे किती शब्द लागतात?

मामा शेजारीच उभे होते. त्यांनी हाताची बोटं पाहिली — आठ दिवसांपूर्वीचं कुंकू अजून तिथं असावं तशी.

मोठा सप्लाय आला. नवं कार्ड सुरळीत चाललं, आणि माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. मामांना खुर्चीवरून उठवलं गेलं. अंकांच्या घड्या घालायच्या, पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या — हे काम त्यांना दिलं. त्यांच्या जागी कोण बसलं? काही दिवस मीच बसलो. समोर मामा घड्या घालत असायचे. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते रोज उद्यावर गेलं.

पुढच्या खंडेनवमीला मामांनी बंद पडलेल्या ट्रेडलची तेवढी पूजा केली. संगणकाच्या खोलीकडे फिरकले नाहीत. हात धुऊन, पुसून माझ्या टेबलापाशी आले.

"सायेब, तुमी एवढ्या हौसेनं आणलतं. माज्या हातनं लई वाईट झालं बगा. मनात ठेवू नका."

खोलीत तेव्हा आम्ही दोघंच होतो. आण्णा गावाला गेले होते. कुणी ऐकणारं नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या मामा. मी कधीच माफ केलंय."