पाच जणांनी पाहिलेली नटी

प्रा. गिरिजा हत्तरकी मॅडमांची आणि माझी पहिली गाठ पडली ती एका दारापाशी. कॉलेजच्या सभागृहात मुलांच्या नाटकाचं नेपथ्य मी उभं करत होतो. साध्या सुती साडीतली एक मुलगी आली आणि नुकतंच बसवलेलं दार उघडझाप करत राहिली. एकदा, दोनदा, दहादा. शेवटी मी रंधा खाली ठेवला.

"बाई, दार मोडायचं हाय काय?"

"न्हाय अण्णा. हे आत उघडतंय. आत येणारी नटी फळीआड जाती. लोकांस्नी दार दिसतंय, बाई दिसत न्हाय."

मी खुर्च्यांत जाऊन बघितलं. खरंच होतं. बिजागऱ्या काढून दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं केलं आणि मग विचारलं, "तू कुठल्या वर्गाला?" तर त्या म्हणाल्या, "मी शिकवायला आलोय. नाट्यशास्त्र." मी घाईनं "चुकलं, मॅडम" म्हणालो. त्या मात्र हसत दार लावून बघत होत्या. त्या दिवसापासून मी त्यांचा अण्णा झालो आणि त्या माझ्या मॅडम. वयानं मी पंधरा वर्षांनी मोठा, शिक्षणानं सातवी पास, मुडशिंगीचा सुतार.

मॅडम मूळच्या गडहिंग्लजकडच्या. घरी आईशी कानडी, माझ्याशी बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात ती कोल्हापुरी, आणि वर्गात उभ्या राहिल्या की अशी स्वच्छ मराठी की ऐकत बसावं. अभिनयाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या. नोकरी करत नाटकात काम करायचं, असा त्यांचा बेत होता. तो बेत कसा मागं पडत गेला, हे जवळून बघितलेला माणूस मी आहे.

त्यांच्या शिकवण्याबद्दल साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी एकच सांगतो. एका वर्षी त्यांनी मला वर्गात उभं केलं आणि म्हणाल्या, "रंगमंचावर पायरी किती उंच ठेवायची आणि का, हे आज अण्णा शिकवतील." मी फूटपट्टी घेऊन फळ्यावर पायरी काढून दाखवली. मॅडम शेवटच्या बाकावर बसून वहीत लिहून घेत होत्या. मुलांना दाखवायला नव्हे, खरंच लिहून घेत होत्या. नंतर तीच वही उघडून त्यांनी मला दोन शंका विचारल्या.

तालमीत त्यांची एक रीत होती. नाटकातल्या सगळ्या भूमिका त्यांना पाठ असायच्या आणि जो गैरहजर त्याच्या जागी त्या उभ्या राहायच्या. एकदा आईचं काम करणारी मुलगी आली नाही. प्रवेश असा की आई तांदूळ निवडत बसली आहे आणि मुलगा येणार नसल्याचा निरोप येतो. तालमीत सूप नव्हतं, तांदूळही नव्हते. मॅडम फरशीवर बसल्या. निरोप ऐकला. मान वर केली नाही, हातही थांबवले नाहीत. फक्त खडे बाजूला टाकणारी बोटं हळूहळू तांदूळच बाजूला टाकायला लागली. सभागृहात आम्ही पाच जण होतो. प्रवेश संपल्यावर मी येड्यासारखा फरशीवर दाणे शोधले. मॅडम उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "उद्या ती आली की तिला तिच्या पद्धतीनं करू दे. माझं बघून करायचं न्हाय."

आता मूळ गोष्टीवर येतो. पुण्याच्या एका व्यावसायिक नाटकाचे दिग्दर्शक स्पर्धेचे परीक्षक म्हणून आले होते. त्यांनी मॅडमांना तालमीत असंच बदलीवर उभं राहिलेलं पाहिलं आणि मुख्य भूमिका देऊ केली. चार महिन्यांचा दौरा. त्या वेळचे प्राचार्य म्हणाले, रजा देतो, पण युवा महोत्सवाचं नाटक बसवणारा माणूस मला दाखवा. मॅडम थेट माझ्याकडं आल्या. मी चौकटीला खिळे मारत होतो.

"अण्णा, नाटक अर्धं बसलंय. उरलेलं तुम्ही बसवा."

"मी? चेष्टा करताय व्हय गरिबाची?"

"तुम्हाला सगळ्या हालचाली पाठ हाईत. कोण कुठं चुकतंय ते माझ्या आधी तुम्हाला कळतंय."

"कळणं येगळं. कॉलेजची पोरं सुताराचं ऐकत्यात व्हय? मला न्हाय जमायचं, मॅडम."

त्या "बरं" म्हणाल्या आणि खडूनं रंगमंचावर मुलांच्या जागा आखायला लागल्या. पुण्याला नकार कळवला. ती भूमिका दुसऱ्या बाईंनी केली.

पुढं तीन-चार वर्षांनी मॅडमांच्या आई आजारी पडल्या. मॅडम दहा दिवस गडहिंग्लजला होत्या. मला कुणी विचारलं नाही, मीही विचार केला नाही. मुलं जमली, मी म्हटलं, चला, दुसऱ्या प्रवेशापासून. मुलांनी ऐकलं. चुकलं तिथं थांबवलं, पुन्हा करून घेतलं, एकाला झापलंसुद्धा. मॅडम परत आल्या त्या दिवशी मागच्या रांगेत बसून त्यांनी आख्खं नाटक पाहिलं आणि जवळ येऊन म्हणाल्या, "अण्णा, जमलं की तुम्हाला."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता. मला वर बघवलं नाही.

हे ओझं मी बरीच वर्षं वागवलं. हा लेख लिहायचा ठरल्यावर मात्र त्यांच्या घरी गेलो आणि एकदाचं बोललो. "मॅडम, त्या वेळी मी हो म्हणायला पाहिजे होतं."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. "सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नका. तुम्ही न्हाय म्हणालासा, मग मी तरी दुसरा माणूस कुठं शोधला? मी बी भ्यालो होतो. आणि पोरं आवडायची मला."

"पण वाईट वाटलं का?"

"व्हय. वाटलं की. अजून वाटतंय."

असं सरळ बोलणारं माणूस मिळायला भाग्य लागतं. पण ते बोलणं ऐकून मला घरची वाट लांब वाटली.

मॅडमांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचा आवाज आणि पाठांतर शाबूत राहो, गुडघे कुरकुरू नयेत, ही मनापासूनची इच्छा. मात्र एवढ्यावर माझं समाधान होत नाही. हा ग्रंथ वाचणाऱ्यांत त्यांच्या हाताखाली शिकून आज स्वतःची नाटकं बसवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही त्यांना परीक्षक म्हणून बोलावता, समई लावायला बोलावता, शाल घालता. यापुढं जाताना संहिता घेऊन जा. साठीच्या बाईची चांगली भूमिका असेल तर आधी त्यांना वाचून दाखवा. त्या म्हणतील, पोरांची तालीम आहे, मला बोलावलंय. त्यांचं ते बोलणं ऐकून परत फिरू नका. सांगा, की तालीम घ्यायला मुडशिंगीहून अण्णा येतात, आणि या वेळी त्यांना कुणी विचारायची गरज पडलेली नाही.