फुग्यांची बंदूक
माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं, माफ करा. आज धामणकर नाक्यावर कापडाच्या लूमच्या तेलाचा वास आला आणि जत्रेतली आमची फुग्यांची बंदूक आठवली. सासूबाईंनी सुकी मासळी विकून साठवलेल्या पैशांत नवऱ्याने ती जुनीच घेतली होती. चाप इतका घट्ट की ओढताना हात हलायचा, आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी वाकडी. कुणाचाच फुगा फुटेना, गिऱ्हाईक वैतागून निघून जाई. शेवटी नवऱ्याने बंदूक खोलली, लूमचं तेल सोडलं, चापाला हलकी स्प्रिंग बसवली आणि पकडीने माशी सरळ केली. सासूबाई म्हणाल्या, "आता सगलेच फोरतील. मंग खाशील काय, रबर?" नवरा म्हणाला, "आये, फुगा फुटला तरच मानूस परत खेलाया पैसं देतं." तसंच झालं. फटाफट आवाज ऐकून रांग लागली, फुगवून फुगवून माझे गाल दुखले. जत्रा उठली त्या दिवशी मी सासूबाईंचे सगळे पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी त्यातलीच एक नोट मला दिली आणि बंदूक उचलली. "आता मी गिऱ्हाईक हाय," म्हणाल्या. आज त्या नाहीत, बंदूकही विकली. पण त्यांचा पहिलाच फुगा फुटला होता, आणि त्यांचे पैसे पूर्ण फिटले होते.